केसांचं रफूकाम

त्या दिवशी डोकं धुताना बोटाला एक ओला केस चिकटून आला. सवयीनं दोन टोकं धरून ओढला, वाटलं टचकन तुटेल. तर तुटेचना. ताणला जातोय, ताणला जातोय, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा लांबच होत चाललाय, आणि सोडला तर परत आखडायचं नाव नाही, तळहातावर तसाच लुळा पडून राहिला. परत ओढला तेव्हा तुटला, पण काही जाणवलंच नाही. मी शॉवर चालू ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी होते, डोक्यावर फेस तसाच.

त्याआधीच्या दोन महिन्यांत मी दोनदा ब्लीच करून घेतलं होतं. पहिल्यांदा रंग मनासारखा उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा. करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, आधी काही केलंय का केसांना, आणि मी अगदी साळसूदपणे 'नाही हो, फारसं नाही' म्हटलं होतं. त्यामुळे भांडायला जायची पण सोय नाही.

मग जे सगळे करतात तेच मी केलं. घाबरून जे दिसेल ते विकत घेतलं. केस प्रोटीनचे बनलेले असतात, माझे खराब झालेत, म्हणजे प्रोटीन कमी पडलंय, म्हणजे प्रोटीन लावायचं, इतकं साधं गणित. प्रोटीनचा शांपू, प्रोटीनचा मास्क, वर प्रोटीनचाच लिव्ह-इन (न धुता तसाच ठेवायचा) स्प्रे, आणि हे सगळं आठवड्यातून तीनदा. पहिल्या धुण्यानंतर केस असे काही छान झाले की मी जो भेटेल त्याला हात लावायला लावत होते. तिसऱ्या आठवड्यात माझी धाकटी बहीण केसांतून हात फिरवत म्हणाली, "ताई, हे केस आहेत की केरसुणी गं?"

खरंच केरसुणी होती. राठ, चरबट, विंचरताना कटकट आवाज करत मोडणारे. आधी ओले असताना रबरासारखे ताणले जायचे, आता कोरडे असताना काडीसारखे मोडायला लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याच बाटल्या बहिणीनं वापरल्या तर तिचे केस मस्त. तिनं कधी रंगसुद्धा लावलेला नाही, फक्त रोज स्ट्रेटनर फिरवते आणि केस मुळातच बारीक आहेत, तेवढाच फरक.

तेव्हा कुठे मी डोकं खाजवत (शब्दशः) वाचायला बसले.

सगळ्यात आधी जी गोष्ट मनाला पटवून घ्यावी लागली ती ही की केस मेलेला असतो. मुळाशी, कातडीच्या आत, तो जिवंत पेशींपासून तयार होतो ते खरं, पण बाहेर आला की संपलं. त्याला रक्त नाही, नस नाही, जखम भरून यायची काही यंत्रणाच नाही. तेव्हा 'केसांना पोषण' हे जे बाटलीवर लिहिलेलं असतं ना, ते वाचून मला आता हसू येतं. मेलेल्याला काय जेवू घालणार! तुम्ही पोटातून प्रोटीन घेतलंत तर त्याचा फायदा झालाच तर पुढे उगवणाऱ्या केसाला, आधीच उगवून बाहेर आलेल्याला त्यातलं काही पोचत नाही. आणि बाटलीतलं प्रोटीन लावलंत तर ते खाणं नाही, ते रफू आहे. फाटलेल्या कापडाला तात्पुरता धागा. हा एक शब्द डोक्यात बसला आणि माझी निम्मी गडबड मिटली, कारण रफू करताना आपण काय बघतो, भोक केवढं आहे आणि धागा किती जाड आहे. नुसता धाग्याचा रंग बघून कोणी घेत नाही. मी मात्र बाटलीवरचं नाव बघून घेत होते, केराटिन, म्हणजे केस ज्याचे बनतात ते प्रोटीन, आहे ना, मग झालं.

आता भोक कसलं ते सांगते. केसाच्या बाहेरून खवल्यांचा थर असतो, क्युटिकल, कौलारू छपरासारखा, एकावर एक चढवलेली कौलं. मुळाजवळ असे पाच ते दहा थर असतात. आत कॉर्टेक्स, ज्यात खरी ताकद. आणि अगदी वरून, कौलांवर, एक तेलकट पदार्थाचा जेमतेम एका रेणूइतका जाड थर पक्का बांधलेला असतो, ज्याला एटीन-एमईए म्हणतात. त्याच्यामुळे पाणी चांगल्या केसावरून ओघळून जातं. ब्लीच अल्कधर्मी असतं, ते आधी केस फुगवतं, कौलं उचकटतं, तो तेलकट थर काढून टाकतं आणि आत शिरून रंगाबरोबर केराटिनचे सल्फरचे बंधसुद्धा तोडतं. हे बंध म्हणजे केसांचा कणा. एकदा ते ऑक्सिडाइज झाले की परत जुळत नाहीत. मग काय होतं, छपराची निम्मी कौलं उडालेली, आत भिंतीला भेगा, पाऊस आला की घरभर पाणी. चांगला केस पण पाण्यात फुगतोच, जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते, पण खराब केस त्याहून जास्त फुगतो, आणि दर धुण्याला फुगणं-आखडणं फुगणं-आखडणं होऊन उरलीसुरली कौलं पण सुटत जातात. अति पोरस केस म्हणजे हे.

आणि हे सगळीकडे सारखं नसतं! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, जरा जास्तच, वाढतो. माझे पाठीपर्यंत होते, म्हणजे टोकं तीन-साडेतीन वर्षांची. तेवढ्या काळातलं ऊन, ड्रायर, स्विमिंग पूल, ओल्या केसांत मारलेला कंगवा, सगळं त्या टोकांनी सोसलेलं. मुळाजवळचा केस दोन महिन्यांचं बाळ. एकाच केसाचं एक टोक म्हातारं आणि एक तान्हं, आणि मी दोघांना एकच औषध चोपडत होते.

एका रविवारी मी गळलेला एक अख्खा केस घेतला, मुळाची पांढरी गाठ कुठे आहे ते बघून बाजू ओळखली, मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे वाटीत भिजवले. मुळाकडचा तुकडा हळूच ताणला, थोडा लांबला, सोडला तर आपल्या जागी परत. चांगला ओला केस साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणून परत येऊ शकतो असं वाचलं होतं, मी पट्टी लावून काही मोजलं नाही पण परत आला एवढं डोळ्यांनी दिसलं. टोकाकडचा ताणला तर ताणलेलाच राहिला आणि वर शेपटासारखा वेडावाकडा पिळून बसला, बॉलपेनमधली स्प्रिंग लहानपणी आपण ओढून खराब करायचो ना, हुबेहूब तशी. एकाच केसाचे दोन तुकडे बरं का. मी बहिणीला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, "तुला दुसरं काही काम नाहीये का?"

पण मला यातून हवं ते मिळालं. ती पाण्याच्या ग्लासात केस टाकून बुडतो की तरंगतो बघायची टेस्ट सगळे सांगतात ना, ती मी तीनदा केली आणि तीन वेगळी उत्तरं आली, कारण केस तरंगतो तो बहुतेक पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि त्याच्यावर तेल-कंडिशनर किती उरलंय त्यावर. ती सोडा. ओला केस ताणून बघणं त्यापेक्षा शंभरपट बरं. लुळा पडतोय, परत येत नाही, तर आधाराची गरज आहे, प्रोटीन घ्या. अजिबात न ताणता कट्कन मोडतोय तर प्रोटीन बंद करा, त्याला मऊपणा हवाय. आणि राठ लागतोय पण ताणून परत येतोय, तर कदाचित खराबच नाहीये, नुसता जड पाण्यातला क्षार बसलाय. पोरस केसात कॅल्शियम, तांबं वगैरे जास्त अडकतं. अशा केसावर प्रोटीन चढवणं म्हणजे न धुतलेल्या भिंतीला रंग. आधी एकदा ईडीटीए असलेल्या चिलेटिंग, म्हणजे क्षार पकडून काढणाऱ्या शांपूनं धुऊन बघायचं आणि मगच काय ते ठरवायचं. मी हे सगळ्यात शेवटी केलं, करायला हवं होतं सगळ्यात आधी.

मग धाग्याची जाडी. प्रोटीन म्हणजे लांबच लांब साखळी, ती आख्खीच्या आख्खी केसात जाऊच शकत नाही. म्हणून तिचे तुकडे करतात, आम्लानं, अल्कलीनं किंवा एन्झाइमनं, त्याला हायड्रोलाइज्ड म्हणायचं. लेबलवर हा शब्द नसेल तर मी बाटली परत ठेवते. तुकड्यांचं वजन डाल्टनमध्ये मोजतात. अगदी बारीक तुकडे, म्हणजे सुटी अमिनो आम्लं आणि हजार डाल्टनच्या आतबाहेरचे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या), ते कॉर्टेक्सपर्यंत शिरू शकतात. काही हजारांच्या वरचे बहुतेक बाहेरच बसतात, पातळ फिल्म करतात, कौलांच्या फटी झाकतात. दोन्हीचा उपयोग आहे पण वेगळा. आतला तुकडा आतून भरीव करतो, मात्र शिरला तसाच धुऊन पण जातो. बाहेरची फिल्म ताबडतोब जाडी आणि चमक देते, पण थरावर थर बसले की केरसुणी. माझं जे झालं ते हेच असणार. सगळे त्याला 'प्रोटीन ओव्हरलोड' म्हणतात, मला वाटतं केसात प्रोटीन जास्त झालं असं काही नसतं, केसावर कडक पापुद्रा जास्त झाला असतो.

आणि म्हणूनच अंडं फेटून डोक्यावर थापण्याबद्दल माझं मत सांगून टाकते. पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन जवळजवळ ४५००० डाल्टनचं. दरवाज्यातून हत्ती आत घेण्यातला प्रकार. बलकातल्या स्निग्धपणानं जो मऊपणा वाटतो तेवढाच. वर चुकून गरम पाण्यानं धुतलंत तर काय होतं ते मी अनुभवलंय, केसांतून शिजलेले कण वेचत अर्धी दुपार गेली, त्याबद्दल जास्त बोलायला नको.

गंमत अशी की बाटलीवर डाल्टन कोणी छापत नाही. नुसतं 'हायड्रोलाइज्ड केराटिन' लिहिलंय यावरून ते पाचशेचं आहे की पन्नास हजाराचं कळायला मार्ग नाही. तरी थोडेफार आडाखे बांधता येतात. केराटिन लोकर, पिसं, शिंगं-खुरं यांच्यापासून काढतात आणि त्यात सिस्टीन, म्हणजे ते सल्फरचे बंध ज्यानं होतात ते अमिनो आम्ल, असतं, म्हणजे जातीनं ते केसांच्या सगळ्यात जवळचं. माझ्यासारख्या ब्लीच झालेल्या, लुळ्या पडलेल्या केसाला याचाच आधार सगळ्यात जास्त जाणवला, आणि जास्त झालं की राठपणा पण याचाच. गव्हाचं मधल्या वाटेचं, ओलावा धरून ठेवतं, भरीवपणा देतं. रेशमाचं माझ्या अनुभवात सगळ्यात सौम्य, ताकद कमी पण हाताला गुळगुळीत. कोलॅजन आणि जिलेटिन जेवढे मोठ्या तुकड्यांचे तेवढे वरवर बसणारे. 'व्हेगन केराटिन' म्हणून जे विकतात ते केराटिन नसतंच, गहू-मका-सोया यांच्या प्रोटीनचं मिश्रण असतं, वाईट नाही पण नाव उगाच. आणि हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम हायड्रोलाइज्ड अमुक-तमुक असं आगगाडीएवढं नाव दिसलं तर घाबरून सोडू नका, उलट थांबून बघा. त्या प्रोटीनला धन भार चिकटवलेला असतो, आणि खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो, त्यामुळे ते बरोबर जिथे फाटलंय तिथेच जास्त चिकटतं आणि धुण्यात कमी जातं. म्हातारं टोक आणि तान्हं मूळ हा माझा जो प्रॉब्लेम होता त्याला हे सगळ्यात सोयीचं पडलं.

किती प्रोटीन आहे तेही लेबलवरून थोडं कळतं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, फक्त एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिले तरी चालतं. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. तेव्हा त्याच्यानंतर प्रोटीनचं नाव आलं तर ते नावापुरतं असण्याची शक्यता जास्त. माझ्या त्या तीन बाटल्यांपैकी दोन अशा निघाल्या, म्हणजे खरी करामत एकट्या तिसऱ्या बाटलीची. तिच्यात पाण्यानंतर दुसऱ्याच नंबरला केराटिन होतं आणि मी ती आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास ठेवत होते. ती खरं म्हणजे महिन्यातून एखाद्यावेळी वापरायची वस्तू. अति तिथे माती हे आजीपासून ऐकलंय, पण डोक्यावर व्हायला लागतं तेव्हा कळतं.

गव्हाबद्दल एक सांगायलाच हवं. जपानमध्ये हायड्रोलाइज्ड गहू घातलेला एक साबण चेहऱ्याला वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली होती, आधी खाऊन काही न होणाऱ्यांनासुद्धा. त्यातले तुकडे बरेच मोठे होते. पुढे युरोपनं सौंदर्यप्रसाधनांतल्या अशा गव्हाच्या तुकड्यांचं सरासरी वजन ३५०० डाल्टनच्या वर नको असा नियमच केला. घाबरवायला सांगत नाहीये, पण टाळूला खाज, पुरळ, शिंका असलं काही झालं तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. गव्हाची ॲलर्जी आधीपासून असेल तर मुळात दुसरं काहीतरी बघा, पर्यायांना तोटा नाही.

आणि सलूनमधली 'केराटिन ट्रीटमेंट' या सगळ्यात धरूच नका. नाव तेच पण काम वेगळं. ती केस सरळ करायची ट्रीटमेंट असते. बऱ्याच प्रकारांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्यं असतात, आणि फॉर्मल्डिहाइड कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ मध्ये माणसात कॅन्सर करणारं म्हणून ठरवलेलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिड वापरतात म्हणून निश्चिंत व्हावं तर २०२४ मध्ये एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये एका तरुणीची केस आली (ही दुसरी केस), तिच्या किडनीला तीनदा इजा झाली आणि तिन्ही वेळा आधी तेच असलेलं द्रव्य लावून केस सरळ करून घेतलेले. मला त्या खुर्चीत बसून 'तुमचे केस इतके पोरस झालेत, केराटिनच करून टाका' असं सांगितलं गेलं होतं. तेव्हा पैसे नव्हते म्हणून वाचले, अक्कल होती म्हणून नाही.

बाँड बिल्डर म्हणून जे मिळतात, २०१४ च्या आसपास ओलाप्लेक्स या ब्रँडनं जी लाट आणली, ते पण प्रोटीन नव्हे. त्यातलं रसायन तुटलेल्या बंधांच्या जागी पूल बांधायचं काम करतं असा दावा असतो. मी वापरलं, ब्लीचनंतर ओले केस तुटायचे ते कमी झालं असं वाटलं. पण बाकी इतकं काही चालू होतं की श्रेय नक्की कुणाला द्यायचं, देव जाणे.

तर आता काय करते म्हणाल तर फार थोडं. महिन्यातून एकदा ते केराटिनवालं, फक्त अर्ध्यापासून खाली, दहा मिनिटं. ते लावून केस कडक होतात, पुठ्ठ्यासारखे, त्या वेळी हात आणि कंगवा लांब ठेवायचा, नाहीतर जे वाचवायला बसलोय तेच मोडतं. धुतलं की लगेच भरपूर कंडिशनर, हे चुकवायचं नाही. मधल्या धुण्यांना नुसतं कंडिशनर, कधीतरी रेशमाचा लिव्ह-इन. धुण्याआधी थोडं खोबरेल, कारण ते केसात शिरतं आणि धुताना निघून जाणारं केसांचं स्वतःचं प्रोटीन कमी जाऊ देतं, २००३ मध्ये सूर्यफूल आणि मिनरल ऑइलशी तुलना करून तपासलेलं आहे हे. मला हे जरा विनोदीच वाटतं. बाहेरचं प्रोटीन आत घालायला एवढा आटापिटा, आणि असलेलं बाहेर जाऊ नये म्हणून एक चमचा तेल.

सहा महिन्यांनी टोकं कापली, चांगली पाच इंच. रफूला पण काहीतरी कापड शिल्लक लागतं, नुसत्या भोकाला रफू करता येत नाही. कापणारीनं विचारलं, ठेवायचेत का, मी नको म्हटलं आणि मग एक बारीक बट उचलून पर्समध्ये टाकली, का ते विचारू नका.

काल बहिणीचा फोन. तिनं हौसेनं ब्लीच केलंय. "ताई, केस कसेतरीच झालेत गं, तुझं ते प्रोटीन कुठलं, नाव सांग ना पटकन."

"एक केस ओला कर," म्हटलं. "आणि ओढ हळूच."

"थांब, स्पीकरवर टाकते." पाण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.

"काय झालं? आला परत?"

"अगं, हा नुसता लांबच होतोय."